खाडीपलीकडचे स्वप्न आणि अलीकडचे सरकार

जून १९६५ मध्ये ‘मार्ग’ या मुंबईच्या कलाविषयक नियतकालिकाने मुंबई शहरावर एक विशेषांक काढला. मुल्कराज आनंद त्याचे संपादक होते. अंकाच्या इंग्रजी नावात नियोजन करणे आणि स्वप्न पाहणे हे दोन शब्द शेजारी शेजारी बसविले होते. नियोजनकारांना स्वप्नाळू म्हटलेले सहसा रुचत नाही. सरकारी आराखड्यांत तर हा शब्द जवळजवळ वर्ज्यच असतो. परंतु चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते यांनी त्या काळात मुंबईला खाडीपलीकडे नेण्याची जी कल्पना मांडली, तीमधूनच आजची नवी मुंबई जन्माला आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि स्वप्नपूर्तीची भाषा पुन्हा एकवार कानी पडू लागली. तेव्हा मूळ स्वप्न नेमके काय होते आणि त्यातले पदरात काय पडले, हे एकदा तपासून पाहणे अनुचित होणार नाही.

मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे शहर आहे. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेला, असा प्रकार असल्याने सकाळी गाड्या एका दिशेने तुडुंब भरून जातात व संध्याकाळी दुसऱ्या. १९६४ च्या विकास आराखड्याने ही रचना तशीच ठेवून केवळ तिची लांबी वाढविली असती. या तिघांचे म्हणणे असे की, शहराचा आसच बदलावा. बंदराच्या पूर्वेला, मुख्य भूमीवर दुसरे तुल्यबळ केंद्र उभारावे आणि खाडी ही शहराची हद्द न राहता त्याचा मध्य व्हावा. या कल्पनेत काव्य होते, पण तिच्या बुडाशी रोखठोक हिशेबही होता. शेतजमीन सरकारने आधीच ताब्यात घ्यावी, शहर वाढेल तशी तिची किंमत वाढेल, आणि त्या वाढीव किमतीतून रस्ते, पाणी, शाळा व गरिबांची घरे यांचा खर्च निघेल. जमिनीच्या भावातील वाढ सट्टेबाजाच्या खिशात न जाता समाजाच्या तिजोरीत जावी, हा त्यातील आदर्श होता. त्याला केवळ एकच अट होती: नव्या शहरात आधी सरकारने जावे. सचिवालय हलले की बँका, वकील, व्यापारी, कारकून सगळे मागोमाग जातील.

सरकारने कल्पना स्वीकारली, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या प्रकल्पाखाली आली. वीस लाख लोकवस्तीचे उद्दिष्ट ठरले. ज्यांनी स्वप्न पाहिले त्यांच्याच हाती ते सोपविण्याचे औदार्य आपल्या राज्यकर्त्यांनी क्वचितच दाखविले आहे. येथे ते दाखविले गेले. कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झाले, पटेल नियोजन पाहू लागले.

आणि नेमक्या त्याच वर्षांत, खाडीच्या अलीकडे, नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून तयार झालेल्या जमिनीवर गगनचुंबी कचेऱ्या उभ्या राहत होत्या. एका हाताने दक्षिण मुंबईवरील भार हलका करण्याची योजना आखावयाची आणि दुसऱ्या हाताने तो भार वाढविणाऱ्या भूखंडांना संमती द्यावयाची, असा हा कारभार होता. सचिवालय हलले नाही. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय कचेऱ्या गेल्या. सत्ता मात्र गेली नाही. ज्या मंत्रिमंडळाने नवे शहर वसविण्याचा ठराव केला, त्यातील मंत्र्यांना व सचिवांना स्वतः तेथे बसावयाचे नव्हते, हा या कथेतील मूळ दोष होय. पुढे सचिवालयाचे मंत्रालय झाले, पण जागा तीच राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटचीच एअर इंडियाची इमारत १६०१ कोटी रुपयांस विकत घेण्याचे ठरविले, कारण मंत्रालयाला जागा अपुरी पडत होती! अर्धशतकानंतरही बुद्धी खाडी ओलांडावयास तयार नाही.

वास्तवापुढे आदर्शाचे काही चालत नाही, असे अशा वेळी म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाला हे म्हणणे मान्य नाही. सचिवालय न हलविणे हा भूगोलाचा किंवा अर्थशास्त्राचा नियम नव्हता. तो काही माणसांनी घेतलेला, किंवा घेण्याचे टाळलेला, निर्णय होता. त्याला वास्तव हे भारदस्त नाव दिले की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, एवढीच त्यातली सोय. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण लोकल गाडी मानखुर्दहून वाशीला पोहोचावयास १९९२ साल उजाडले, आणि तेव्हाही त्या मार्गाच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सिडकोला उचलावा लागला. मधल्या एकोणीस वर्षांत वाशी-नेरुळला जाऊन राहिलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एस.टी.च्या रांगेत जे तास घालविले त्यांची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. कांदा-बटाट्याचे घाऊक व्यापारी कुरकुरत का होईना, तुर्भ्याला गेले. सरकारपेक्षा त्यांनीच योजनेची अधिक बूज राखली असे म्हणावे लागेल.

पण स्वप्न पाहणाऱ्यांच्या बाजूनेही एक हिशेब अपुरा राहिला होता. जी शेतजमीन स्वस्तात घ्यावयाची ती कोणाची? ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांची भातखाचरे, मिठागरे व खाजणे त्यात गेली. वाढीव किंमत समाजाची, हे तत्त्व कागदावर निर्दोष दिसते. परंतु ज्याच्या शेतावर ती किंमत वाढावयाची, तो शेतकरी त्या समाजात मोडतो की नाही, हा प्रश्न प्रथम कोणी विचारला नाही. तो दि. बा. पाटील यांनी विचारला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार झाला व पाच शेतकरी प्राणास मुकले. त्यानंतर, १९९० पासून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना सर्वत्र लागू झाली. विमानतळाच्या वेळी हेच प्रमाण साडेबावीस टक्के झाले. सट्टेबाजांनी हे भूखंडही पुष्कळ ठिकाणी गिळले, हे खरे आहे. तथापि वाढीव किमतीत मूळ मालकाचा वाटा असतो हे तत्त्व जासईच्या शेतकऱ्याने रक्त सांडून सरकारकडून कबूल करून घेतले. मूळ योजनेतील न्यायबुद्धी त्याने पूर्ण केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

कोरियांना स्वतःचे स्वप्न लहान प्रमाणावर उभे करण्याची एक संधी पुढे मिळाली. बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सुमारे ५५० घरांची वसाहत रचली. ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ती ओळखली जाते. सात-सात घरांची एकेक ओंजळ, मध्ये सामाईक अंगण, आणि दोन घरांत भिंत सामाईक नाही. हेतू हा की प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे शेजाऱ्याला न विचारता आपले घर वाढविता यावे. गरीब व सुखवस्तू यांच्या भूखंडांत फार अंतर ठेवले नाही. आज तेथे गेल्यास कौलारू बसकी घरे थोडीच दिसतात. बहुतेकांनी ती पाडून दोन-तीन मजली बंगले बांधले आहेत, कित्येकांत संगमरवर व आरसेकाचा आहेत. हे पाहून वास्तुकलेचे विद्यार्थी हळहळतात. परंतु घर वाढविण्याचा हक्क द्यावयाचा आणि ते सुंदरच वाढले पाहिजे असा आग्रह धरावयाचा, हे कसे जमावे? अंगणे बहुतांशी टिकून आहेत, मुले तेथे खेळतात, आणि माणसांनी आपल्या घरावर खरोखरीच आपला हात फिरविला आहे. योजनेचे यश म्हणावयाचे तर ते हेच आहे. मात्र ज्या अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी तो लहान भूखंड आखला होता, त्याला आजच्या भावाने तेथे दारही विकत घेता येणार नाही.

शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. शहराचा आस पूर्वेकडे वळविण्याची कल्पना मांडली गेली तेव्हा अशा दुव्यावाचून ती अपुरी होती; कोरिया मात्र १६ जून २०१५ रोजी निवर्तले होते. आता उलवे-पनवेल भागात जमिनीचे भाव चढत आहेत आणि सिडको भूखंडांचे लिलाव पुकारते आहे. म्हणजे वाढीव किमतीची यंत्रणा चोख चालते. त्या पैशातून गरिबांना घरे, हा तिचा हेतूच तेवढा मागे पडला.

२४ जून २०२१ रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो भूमिपुत्र बेलापूरला सिडको भवनाशी जमले होते. त्यांतील पुष्कळांची गावठाणातील घरे, कुटुंब वाढले म्हणून गरजेपोटी बांधलेली, सरकारदरबारी अनधिकृत ठरलेली होती. वाढत्या कुटुंबाला घर वाढविता यावे म्हणून भिंती वेगळ्या ठेवणारी कोरियांची वसाहत तेथून फार दूर नाही.