भ्रमाचा रुग्ण आणि ‘व्हेम्प’ परीक्षण

भ्रमाचे रुग्ण हल्ली तपासण्यांची जाडजूड फाईल घेऊनच चिकित्सालयात येतात. तीत ‘व्हेम्प’ असा अहवाल आढळला की पुष्कळ वैद्यबंधू थबकतात. काहीजण ‘डावीकडे प्रतिसाद नाही’ एवढेच वाचून डावा अंतःकर्ण निकामी झाल्याचे रुग्णास सांगून मोकळे होतात. हे आम्हांस चिंताजनक वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मस्तकाचे फिरणे जाणतात. युट्रिकल व सॅक्यूल या दोन सूक्ष्म पिशव्या गुरुत्व आणि सरळ रेषेतील गती जाणतात. कानात थंड व गरम पाणी सोडून करावयाची कॅलोरिक तपासणी मुख्यतः आडव्या नलिकेची परीक्षा होय. पिशव्यांविषयी ती काहीच सांगत नाही. ही उणीव भरून काढणारी पद्धत कोलबॅच व हॅल्मागी यांनी १९९२ मध्ये मांडली. सॅक्यूल मोठ्या ध्वनीनेही उत्तेजित होते, हे तिचे मर्म. कानात ध्वनीचे अल्पकालिक ठोके (बहुधा ५०० हर्ट्झचे) दिले असता त्याच बाजूच्या, मानेतील स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायूचा ताण क्षणमात्र उणावतो. त्वचेवरील इलेक्ट्रोडद्वारे तो टिपला की सुमारे १३ व २३ मिलिसेकंदांवर दोन लहरी दिसतात. युट्रिकलसाठी रुग्णास वर पाहावयास सांगून विरुद्ध बाजूच्या डोळ्याखाली नोंद घेतात. ती लहर सुमारे १० मिलिसेकंदांवर उमटते.

खरी मेख पुढे आहे. ताण उणावण्यासाठी तो आधी असावा लागतो. मन्याशूलाने पीडित वृद्धेने मान पुरेशी उचललीच नाही, तर लहर खुजी दिसणार. शिवाय वार्धक्यात ती स्वभावतःच क्षीण होते. त्याहून महत्त्वाचा मध्यकर्ण. तेथे द्रव साचला असेल वा कर्णपटल फाटले असेल, तर ध्वनी सॅक्यूलपर्यंत पुरेसा पोहोचतच नाही. मग दोष सॅक्यूलचा कसा? अशा वेळी अस्थिमार्गे कंपन देऊन परीक्षण पुन्हा करवून घ्यावे. (कर्णपूरणापूर्वी आपण कर्णपटल पाहतोच, तोच शिरस्ता येथेही पाळावा.)

याउलट, श्रवण मंद असूनही अगदी हलक्या ध्वनीला ठळक प्रतिसाद आला, तर ते आरोग्याचे लक्षण समजू नये. ऊर्ध्व नलिकेवरील अस्थीस छिद्र पडल्याचा, म्हणजे मायनर यांनी १९९८ मध्ये वर्णिलेल्या विकाराचा, तो संकेत असू शकतो. मोठा आवाज होताच किंवा जोराने शिंकताच भोवळ येते काय, हे अशा रुग्णास आवर्जून विचारावे आणि त्यास विनाविलंब कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे.