जीवनचक्र : पाठांतराकडून प्रत्यक्षाकडे

‘फुलपाखराच्या जीवनचक्रातील अवस्था कोणत्या?’ असा प्रश्न विचारताच प्राथमिक शाळेतील मुले ‘अंडे, अळी, कोष, फुलपाखरू’ हे उत्तर एका दमात देतात. मात्र घरच्या कढीपत्त्यावर अळी दिसली, की तीच मुले तिला झटकून पायाखाली चिरडतात. पाठ केलेले उत्तर आणि डोळ्यांपुढचा जीव यांची सांगड त्यांच्या मनात पडलेली नसते. ती घालण्यासाठी मुलांच्याच हातून प्रतिकृती घडवून घेणे हा अल्पखर्चाचा व परिणामकारक मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.

त्यात पहिले पथ्य असे, की आधी निरीक्षण व्हावे आणि मगच प्रतिकृती. लिंबाच्या कोवळ्या पानावर फुलपाखराने घातलेले मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे मुलांना दाखवावे. त्यातून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व त्यामुळेच भक्षकांच्या नजरेतून सुटते. पुढे ती हिरवीगार होते. मग ती फांदीला एका रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेते व तिचा कोष होतो. रेशमाच्या किड्यासारखे वेष्टन ती विणत नाही. हा सारा प्रवास साधारणतः महिनाभराचा असतो. मुलांनी तारखांसह त्याची नोंद ठेवावी.

त्यानंतर पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिचे चार भाग करावेत. शाडूची अंडी व अळी, सुकलेल्या काडीला दोऱ्याने बांधलेला कोष आणि रंगीत कागदाचे फुलपाखरू अशी मांडणी करून प्रत्येक अवस्थेखाली तिचे दिवस लिहावेत. प्रतिकृती आकाराने मोठी असते, म्हणून शेजारी खऱ्या आकाराची रेघही ओढावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गोल चकती पाहून फुलपाखरूच पुन्हा अंडे होते, असा मुलांचा समज होऊ शकतो. वस्तुतः ते फुलपाखरू मरते. चक्र पुढे चालते ते त्याच्या संततीमुळे. यास्तव पहिल्या चकतीतील फुलपाखरापासून दुसऱ्या चकतीतील अंड्यांपर्यंत दोरा बांधावा. अंडीही एकच न ठेवता वीस ठेवावीत आणि मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी यांची नावे घेत मुलांनी ती एकेक उचलावीत. निसर्गात फार थोडी फुलपाखरे शेवटपर्यंत पोहोचतात, हे त्यांना अशा रीतीने सहज उमगते.

वनस्पतीसाठी आपल्या कोकणातील वाल उत्तम. काचेचा पेला आणि त्यातील ओला टीपकागद यांच्यामध्ये भिजवलेले दाणे ठेवावेत. दाणा कसाही उलटासुलटा ठेवला, तरी मूळ खाली वळते आणि कोंब वर येतो, हे मुले स्वतः पाहतात. भातकापणीनंतर शेतातील ओलीवर वाल पेरण्याची आपली जुनी रीत आहे. त्याच सुमारास शाळेच्या आवारात दाणे पेरले, तर शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वी शेंगा हाती येतात. त्यांतील चार दाणे पुढच्या वर्गासाठी राखून ठेवले, की चक्र मुलांच्या डोळ्यांदेखत पूर्ण होते.

डासाचे जीवनचक्र मात्र केवळ प्रतिकृतीतूनच शिकवावे. वर्गात डास पाळू नयेत. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळण्यास का सांगतात, याचे उत्तर या कालावधीत आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही तग धरतात; म्हणून भांडी घासणेही आवश्यक ठरते. हे समजलेले मूल घरच्या पिंपाकडे व कुंडीखालच्या ताटलीकडे वेगळ्या नजरेने पाहते.

अळी पाळावयाची झाल्यास तिला जाळीच्या झाकणाची बरणी व रोज ताजी पाने द्यावीत, हाताळल्यावर हात धुवावेत आणि फुलपाखरू निघताच त्याला मोकळे सोडावे. पालकांनीही घरच्या एखाद्या झाडावरील चार पाने अळीसाठी सोडावीत, एवढीच आमची विनंती आहे.