परसबाग वाढविण्यापूर्वीं

[नभोवाणीवरील भाषण]



दिवाळी होऊन गेली, आकाश निवळलें, आडांतलें पाणी वर आलें आणि जमीन वाफशावर आली, म्हणजे ज्याच्या घरामागें थोडी मोकळी जागा आहे त्या माणसाच्या मनांत एक विचार हटकून येतो: यंदा बाग जरा वाढवावी. विचार चांगला आहे. वेळहि चांगली आहे, कारण चिखल सरलेला असतो, ऊन सोसवतें आणि माती कुदळीला अडत नाहीं. परंतु हीच वेळ माणसाला फसविणारीहि आहे. ती कशी फसविते, हें मला आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी शेतकीचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि सारी हयात प्राथमिक शाळेंत मुलांना गणितें घालण्यांत गेली. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें बव्हंशीं गणितच आहे. मात्र तें मला स्वतःला उशिरां सुटलें.

आमचें परस तीस फूट लांब व चाळीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठ्याहून किंचित् अधिक. त्यांत माझ्या आईच्या वेळेपासून दीडशें चौरस फुटांचे वाफे होते: मेथी, कोथिंबीर, चार वांगीं, आडाच्या कांठीं मोगरा. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिंवाळ्यांत मला स्फुरण चढलें. कार्तिकांत गडी लावून मीं वाफे पांचशें चौरस फुटांपर्यंत नेले. कोबी, फुलकोबी, वाटाणा, गाजर, पालक, सगळें लावलें आणि सगळें आलेंहि. पौषांत मी पाहुण्यांना हाताला धरून बाग दाखवीत असें. त्याच भरांत माघांत भेंडी, गवार व काकडी लावली.

चैत्र लागला आणि आड खालीं गेला. हा आड आमच्या आवारांत असला तरी त्यावर शेजारच्या दोन घरांचा पूर्वापार वहिवाटीचा हक्क आहे. नळाला उन्हाळ्यांत दिवसाआड पाणी येतें. बाकी सारी भिस्त आडावर. मी पहांटे उठून भेंडीला पाणी घालीत असें, आणि सकाळीं शेजारच्या वृद्ध काकू घागर सोडीत ती गाळ घेऊन वर येई. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत. बोलल्या त्या आमच्या घरांतल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “आपल्या भेंडीला पाणी आहे, आणि काकू गाळ निवळत बसल्या आहेत. हें मला पाहवत नाहीं.” त्या दिवसापासून मीं पाणी तोडलें. आठ दिवसांत भेंडी वाळली. त्या गडबडींत मोगऱ्याकडेहि दुर्लक्ष झालें, आणि आईनें लावलेली तीं दोन झुडपें गेलीं. भेंडीचें मला कांहीं वाटलें नाहीं.

चूक कोठें झाली होती? मीं बाग जमिनीच्या मापानें वाढविली होती. ती पाण्याच्या मापानें, आणि तेंहि वैशाखांतल्या पाण्याच्या मापानें वाढवावयास हवी होती. हें गणित अवघड नाहीं. शंभर चौरस फुटांवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी पसरावयाचें तर सुमारें सव्वानऊ लिटर लागतें. आपल्या देशावरच्या कोरड्या हवेंत भाजीच्या वाफ्याला मार्गशीर्ष-पौषांत दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी पुरतें. वैशाखांत सातहि पुरत नाहींसें होतें. म्हणजे ज्या शंभर फुटांना आज दोन-अडीच बादल्या लागतात, त्यांनाच मे महिन्यांत साडेचार लागतील. येथें बादली पंधरा लिटरची धरली आहे. आणि गंमत अशी कीं, मागणी दुप्पट होते नेमक्या त्या वेळीं पुरवठा निम्म्यावर येतो. कार्तिकांत आडांत डोकावून बागेचा बेत करणें म्हणजे पगाराच्या दिवशीं महिन्याचा खर्च ठरविण्यासारखें आहे.

पुढच्या वर्षीं वैशाखांत मीं एक दोरी घेतली, तिला हाता-हातावर गांठी मारल्या, टोंकाला दगड बांधला. रात्रीं सर्वांचें पाणी भरून झाल्यावर दोरी सोडून पाहावें, आणि पहांटे कोणी घागर सोडण्यापूर्वीं पुन्हां पाहावें. रात्रींत जेवढें पाणी चढतें तेवढें आडाचें रोजचें उत्पन्न; त्याच्या खालचें तें भांडवल, त्याला हात लावूं नये. आमचा आड चार फूट व्यासाचा आहे. अशा आडांत एक फूट उंचीचें पाणी म्हणजे सुमारें ३५५ लिटर. भर वैशाखांत आमच्याकडे रात्रींत दीड फूट पाणी चढलें, म्हणजे सवापांचशें लिटरांच्या आसपास. त्याचे तीन घरांत वांटे केले आणि आमच्या वांट्यांतून धुण्या-भांड्यांचें पाणी वजा केलें, तेव्हां बागेसाठीं उरलें पाऊणशें लिटर. वैशाखांत त्यावर एकशेंदहा चौरस फूट जगतात, अधिक नाहीं. पांचशें फुटांचा माझा डौल या एका भागाकारानें उतरला.

मग बाग वाढवावयाचीच नाहीं काय? वाढवावी, पण दोन जातींची करावी: एक बारमाही, एक हंगामी. बारमाही भाग वैशाखाच्या पाण्यावर मोजून घ्यावा व तो आडाच्या अगदीं जवळ ठेवावा, म्हणजे पाटांत पाणी मुरत नाहीं. हंगामी भाग हवा तेवढा मोठा करावा. फक्त त्यांत जें लावावयाचें तें फाल्गुनाच्या आंत निघालें पाहिजे. मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, गाजर, कोबी हीं त्या भागांतलीं. भेंडी, गवार, दोडका हीं उन्हाळी पिकें आपल्या मोजक्या बारमाही वाफ्यांतच. आतां माझे वाफे पुन्हां पांचशें फूटच आहेत, पण त्यांतले चारशें चैत्रांत निजतात.

न्हाणीच्या पाण्याचा हिशोब निराळा. चार माणसांच्या अंघोळीचें साठ-ऐंशीं लिटर पाणी रोज घराबाहेर पडतें. आपल्या जुन्या लोकांनीं न्हाणीच्या तोंडाशीं केळी, अळू व कर्दळ लावली ती शोभेसाठीं नव्हे. साबणाचें पाणी पालेभाजीला घालूं नये. या तीन झाडांना तें चालतें. आमच्या चार केळी उन्हाळाभर त्यावरच पोसतात.

पाण्याइतकाच विचार सूर्याचा करावा लागतो, आणि येथेंहि हिंवाळा थोडा फसवितो. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर मध्यान्हींहि क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर येतो, तोहि दक्षिणेकडे. म्हणून दक्षिणेच्या सहा फुटी भिंतीची सावली त्या वेळीं वाफ्यावर सुमारें साडेपांच फूट पसरते. तोच सूर्य १४ मेच्या सुमारास बरोबर माथ्यावर येतो; उभ्या काठीला सावलीच उरत नाहीं. म्हणजे आज जो पट्टा थंड व काळोखा वाटतो तो वैशाखांत तापून निघणार. शाळेंत मीं हें गोलावर शेंकडों वेळां शिकविलें होतें. माझ्याच परसांत तें घडत असेल हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें.

उपाय सोपा आहे. त्या दिवसांत एकदां सकाळीं नऊला, एकदां साडेबारा वाजून गेल्यावर (आपल्या घड्याळाची दुपार खऱ्या मध्यान्हापूर्वीं अर्धा तास होते) आणि एकदां चारला, सावलीच्या कडेनें राखेची रेघ ओढावी. तिन्ही रेघांच्या बाहेर जी जागा राहील ती हिंवाळी भाजीची. दक्षिणेच्या भिंतीलगत मीं खताचा खड्डा नेला. घेवड्याचा व दोडक्याचा मांडव उत्तरेच्या कडेला घातला, म्हणजे त्याची सावली बुटक्या भाज्यांवर पडत नाहीं. पश्चिमेला शेवगा लावला. त्याची विरळ सावली तिसऱ्या प्रहराच्या उन्हांतून वांग्यांना सांवरते. कोल्हापूरकडचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनीं आपल्या प्रयोग परिवारांतून हेंच ठसविलें कीं, शेती ही मुख्यतः पानावर पडणाऱ्या उन्हाची आहे. गणिताचा माणूस म्हणून मला त्यांच्याविषयीं विशेष आपलेपणा वाटतो.

वाफ्यांच्या रचनेविषयीं थोडेंच सांगतों. रुंदी चार फुटांहून अधिक नको. दोन्ही बाजूंनीं हात मधोमध पोंचला पाहिजे, नाहींतर आपणच माती तुडवितों. वाट दीड फुटाची. उतार डोळ्यांनीं ठरवूं नये. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणावी, आणि ती न मिळाली तर एक बादली ओतून पाणी कोठें जातें तें पाहावें. या दिवसांत वाफे सपाट व कडेला वरंबा असलेले असावेत, म्हणजे घातलेलें पाणी आंतच राहतें, गादीवाफे पावसाळ्यासाठीं. माती मात्र वाफशावरच खणावी. काळी माती ओली खणली तर तिचीं ढेंकळें उन्हांत विटेसारखीं होतात, आणि मग तीं वर्षभर फोडीत बसावें लागतें.

निजलेल्या चारशें फुटांचें काय करतों, असें कित्येक विचारतात. माघ-फाल्गुनांत झाडें पानें गाळतात, आणि आमच्या गल्लींत तीं सर्रास जाळीत असत. मीं घरोघर सांगून ठेविलें आहे कीं जाळूं नका, माझ्या दारांत टाका. तो पालापाचोळा मी वीतभर जाड पसरतों व वर थोडें शेणपाणी शिंपडतों. ज्येष्ठांत पहिला वळीव पडल्यावर तो बाजूला सारला, तर खालची माती हातानें उकरतां येते आणि गांडुळें सांपडतात. कडेला दोन हात रुंदीचा तुकडा मात्र शेवंतीसाठीं घरांतून मागून घेण्यांत आला आहे, त्यामुळें मुळ्याची एक ओळ गेली.

आडाच्या कांठीं मीं पुन्हां मोगरा लावला. त्याचें पाणी मार्गशीर्षांत तोडावें, पौषांत छाटणी करावी, आणि खत घालून मग पाणी सुरू करावें. म्हणजे चैत्रांत तो फुलतो. गेल्या चैत्रांत पहिली ओंजळ निघाली ती काकूंकडे धाडली.