खोक्यातला संसार

तुळशीचे लग्न लागले की आमच्या पांढुर्ण्यास आणि सौंसरला लग्नसराईची चाहूल लागते, आणि तिच्याबरोबर नागपूरहून येणाऱ्या टेम्पोंवर लांबट, चपटी पुठ्ठ्याची खोकी दिसू लागतात. पूर्वी आंदणाचे कपाट, दिवाण, आरशाचे टेबल ही उभीच्या उभी, दोरांनी आवळून येत. कोणाच्या घरी मुलीचे लग्न आहे हे रस्त्यावरच्या माणसाला त्यावरून कळे. आता कपाट निजून येते. त्याच्या फळ्या, बिजागऱ्या, स्क्रूंच्या पुड्या आणि एक वाकडी षट्कोनी किल्ली ही सारी एकाच खोक्यात असतात. त्यांचे कपाट करण्याचे काम मात्र घरच्यांवर सोपविलेले असते.

२०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. सातपुड्याच्या सागवनांचा शेजार असलेल्या ह्या मुलखातील माणसांनी भुशाची फळी विकत घ्यावी, हे वाचकांस विपरीत वाटेल. परंतु सागाचा आजचा भाव ज्याने ऐकला आहे त्याला वाटणार नाही. वनखात्याच्या काष्ठागारातील लिलाव, १९८४ च्या काष्ठ चिरान अधिनियमाखाली परवाना घेतलेली आरामशीन, वाहतुकीचा परवाना, इतक्या पायऱ्या उतरून सुताराच्या अंगणात पोचलेले लाकूड पगारदाराच्या आवाक्यात राहत नाही. शिवाय आमचे सुतार दसऱ्याला कबूल केलेले काम होळीला देतात, ही तक्रारही अगदीच खोटी नव्हे. अशा वेळी मोबाईलवर सात-आठ हजारांत तीन दारांचे, गुळगुळीत, आरशासकट कपाट दिसले म्हणजे गृहिणीचे मन त्याकडे गेल्यास तिला दोष कसा द्यावा?

वस्तू सुटी करून पाठवावी आणि मुक्कामी जुळवावी, ही कल्पना मुळात वाईट नाही, आणि नवीन तर नाहीच. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट ह्यांच्या कारखान्याने १८५९ साली बीच लाकूड वाफेने वाकवून चौदा क्रमांकाची म्हणून प्रसिद्ध झालेली खुर्ची काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा पसारा. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत. पुढे स्वीडनमधील आयकिया कंपनीच्या गिलिस लुंडग्रेन ह्यांनी टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, अशी कथा सांगतात. ते तीन पायांचे टेबल १९५६ सालचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी नागपूर मुंबई राज्यात गेली. म्हणजे ते वर्षच सुटे करण्याचे होते म्हणायचे. असो. हैदराबादच्या मराठी कुटुंबांना २०१८ च्या ऑगस्टपासून ह्या कंपनीचे दुकान गावातच पाहावयास मिळते. आणि आपली बाज तरी काय आहे? चार पाय, चार दांडे आणि विणीची दोरी. शेतावर न्यायची तर सुटी करावी, तेथे पुन्हा ठोकावी. तीन पिढ्यांनी असे केले तरी तिचे सांधे तक्रार करीत नाहीत.

तेव्हा दोष सुटेपणाचा नाही. तो फळीचा आहे. स्वस्त खोक्यातील फळी बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाची असते. लाकडाच्या ढलप्या आणि भुसा घेऊन, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक घालून, उष्णतेने व दाबाने ती थापतात आणि वरून सागाच्या किंवा अक्रोडाच्या रंगाचा छापील कागद चिकटवितात. वरचा पृष्ठभाग पाण्याला काही काळ दाद देत नाही. परंतु कडेची पट्टी सुटली, किंवा बिजागरीसाठी पाडलेल्या भोकातून ओल शिरली, की आतला भुसा फुगतो. ओले झालेले सागवान उन्हात वाळून पुष्कळसे पूर्वपदावर येते; ही फळी एकदा फुगली की फुगलीच. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल धरणारी आमची जुनी घरे आणि रोज ओल्या फडक्याने पुसली जाणारी फरशी ह्यांच्याशी तिचे कसे जमावे?

दुसरे मर्म सांध्याचे. सुतार कुसू काढतो, खाच पाडतो, एक लाकूड दुसऱ्यात बसवितो. तेथे लाकूडच लाकडाला धरते. खोक्यातील कपाटात एका फळीतील धातूची खुंटी दुसऱ्या फळीतील फिरत्या चकतीत अडकते. चकतीला अर्धा फेरा दिला की दोन्ही फळ्या जवळ ओढल्या जातात. युक्ती खरोखर सुंदर आहे, आणि पहिल्या वेळी ती चोख चालते. पण खुंटीचे आटे ज्यात रुतायचे तो भुसा असतो. खुंटी काढून पुन्हा घातली की भोक सैल होते, तिसऱ्यांदा ते काही धरीतच नाही. म्हणजे सुटे करून आणलेले हे सामान पुन्हा सुटे करण्यास मात्र योग्य नसते!

आमच्या खात्यात बदली चुकत नाही, म्हणून हे मर्म आम्हां शिक्षकांस फार लवकर कळते. माझ्या एका सहकाऱ्याने सौंसरला असताना असेच कपाट घेतले. दोन वर्षांनी त्यांची पांढुर्ण्यास बदली झाली. कपाट उलगडले, फळ्यांवर खडूने क्रमांक घातले, टेम्पोत चादरी अंथरून आणले. येथे ते उभे राहिले खरे, पण दारे एकमेकांस भेटेनात आणि मधली फळी पुस्तकांच्या भाराने वाकली. आज ते कपाट दोरीने बांधलेले आहे. त्यांच्या वडिलांची शिसवी पेटी त्याच खोलीत आहे. तिच्या सहा बदल्या झाल्या आहेत.

सौंसरच्या एका घरची हकीकत अधिक जिव्हारी लागणारी आहे. मुलीच्या आंदणात द्यावयाचा दिवाण एका विक्रेत्याकडे मोबाईलवरून मागविला होता. बाप शेतकरी, संत्र्याच्या बहराचे पैसे हाती आले तसे त्याने ते आधीच भरले. खोकी आली हळदीच्या आदल्या दिवशी. उघडून पाहतात तो डाव्या बाजूच्या फळ्या दोन, उजव्या बाजूची एकही नाही. विक्रेत्याच्या क्रमांकावर यंत्राचा आवाज हिंदीत व इंग्रजीत आळीपाळीने धीर देत होता. मांडवात पाहुणे, आणि यजमान ओसरीवर खोक्यातला कागद घेऊन बसलेला. अखेर तान्ह्या पोळ्याला मुलांसाठी लाकडी नंदी करून देणारा आमच्याकडील म्हातारा सुतार आला. त्याने कागद पाहिलाच नाही. डाव्या फळीचे माप घेऊन रात्रीत आंब्याच्या लाकडाची उजवी बाजू तयार केली. रंग जुळला नाही. मुलीने तिकडच्या अंगाला चादर सोडली. विक्रेत्याची फळी मांडव उतरल्यावर एकोणीस दिवसांनी आली.

बलुत्याची पद्धत परत यावी असे कोणी म्हणणार नाही; तिच्यातील अन्याय आपण जाणतो. पण वर्षाच्या धान्यावर बांधलेला सुतार तिफणीचा दांडा मोडला तर पेरणीच्या दिवशी हजर असे, कारण त्याचे घर चार घरांपलीकडे होते. खोक्याचे घर कोठे असते?

ते कायद्याने आता काही अंशी जवळ आणले आहे, हे आपल्या फारच थोड्या कुटुंबांस ठाऊक आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २०२० च्या जुलैत अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असो की गुरुग्रामचा. पाच लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीस शुल्क नाही. २०२० च्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा कबूल मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. १९१५ ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मात्र त्यासाठी पुरावा हवा. म्हणून खोके उघडताना त्याचे छायाचित्र घ्यावे, यादीबरहुकूम भाग मोजावे आणि काम पुरे होईपर्यंत पुठ्ठा बंबात घालू नये.

घ्यावयाचेच असेल तर आमचा तो सुतार काय पाहतो ते सांगतो. तो कपाटाच्या दारावर टकटक करीत नाही, फळीची कड आणि पाठ पाहतो. मागची पातळ फळी चौकटीला काटकोनात धरते; ती पुठ्ठ्यासारखी असली की कपाट आज ना उद्या कलणारच. फळीवर भारतीय मानकाचा शिक्का, म्हणजे कागद चढविलेल्या बोर्डास आयएस १२८२३, आहे का ते विचारावे. पायांखाली इंचभर ठोकळे द्यावे, म्हणजे फरशीचे पाणी कडेला लागत नाही. आणि कपाट भिंतीला पट्टीने जखडावे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. खण ओढून वर चढणाऱ्या मुलांच्या अंगावर कपाटे पडून मृत्यू झाल्यामुळे २०१६ साली आयकियाला अमेरिकेत सुमारे दोन कोटी नव्वद लाख खणांची कपाटे परत बोलवावी लागली होती. भिंतीची पट्टी खोक्यात आली नसेल तर लोखंडी सामानाच्या दुकानात ती थोडक्यात मिळते.

म्हाताऱ्याचा मुलगा आता हेच काम करतो. त्याच्या पिशवीत रंध्याशेजारी निरनिराळ्या मापांच्या षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा असतो. त्याने दर दोन ठेवले आहेत: नवे खोके जुळवून देण्याचा एक, आणि घरच्यांनी जुळविलेले उलगडून पुन्हा जुळविण्याचा त्याच्या दुप्पट.