ऊर्जेचा ताळेबंद : भाग ७
कोराडीच्या बदल्यात किती ऊन?

‘कोळसा संपणार कधी?’ हा प्रश्न नागपूरच्या सदर भागात बसून विचारायला जरा गंमत वाटते. शेजारीच सिव्हिल लाइन्समध्ये कोल इस्टेट आहे आणि वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचा, कारभार १९७५ पासून नागपुरातूनच चालतो. उत्पादनाचे आकडे पाहिले तर संपण्याची चिन्हं दिसत नाहीत. २०२३-२४ मध्ये वेकोलिने सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला. त्याच्या पुढच्या वर्षी देशाचं उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं.

मग संपतंय काय? वरचा, सोपा, स्वस्त कोळसा. उमरेड किंवा कामठी पट्ट्यातल्या खुल्या खाणींत कोळशाआधी माती आणि खडक काढावा लागतो. खाणकामगार त्याला ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर ओबी हटवणं वेकोलिला नवं नाही, आणि थर जसा खोल जातो तसा हा आकडा चढतो. डंपर तेवढेच, डिझेल जास्त, हाती कोळसा मात्र तोच एक टन. जमिनीखालच्या खाणींत तर बहुतेक वेळा विकून येतं त्यापेक्षा काढायला जास्त लागतं. म्हणजे शेवटचं ढेकूळ जमिनीतच राहील. ते काढणं परवडेनासं होईल, एवढंच. ऊर्जा मिळवण्यासाठी किती ऊर्जा घालावी लागते, हा या लेखमालेतला जुनाच मुद्दा इथे पुन्हा आडवा येतो.

आता पर्यायाकडे. ‘विदर्भात ऊन काय कमी आहे?’ असं आपण सहज म्हणतो. कमी नाही, पण हिशेब करून पाहू. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, मिळून १९८०. ते चोवीस तास पूर्ण भाराने चालले तर दिवसाला साधारण पावणेपाच कोटी युनिट वीज तयार होते. आपला कोळसा राखेने भरलेला, त्यामुळे एका युनिटला साताठशे ग्रॅमच्या आत-बाहेर कोळसा धरावा लागतो. म्हणजे दिवसाला तीस हजार टनांहून जास्त, मालगाडीचे आठ-नऊ रेक.

एक मेगावॉटचा सौर प्रकल्प विदर्भात दिवसाला सरासरी चार-साडेचार हजार युनिट देतो. कोराडीचा एक मेगावॉट चोवीस हजार देऊ शकतो. म्हणजे एकाच्या बदल्यात साडेपाच मेगावॉट, एकूण अकरा हजार मेगावॉटच्या घरात. मेगावॉटला साडेचार एकर धरले तर जमीन जवळपास पन्नास हजार एकर, म्हणजे दोनशे चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेची सगळी हद्द याहून थोडीशीच मोठी आहे. कुठलंच औष्णिक केंद्र वर्षभर पूर्ण भाराने चालत नाही, हे खरं; म्हणून तिसरा हिस्सा वजा करा. तरी उरलेला आकडा कुठल्याही तहसीलदाराची झोप उडवायला पुरेसा आहे.

छतांचं काय? तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा लागते आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार रुपये अनुदान आहे. सदरमधल्या जुन्या बंगल्यांना हे छान जमतं. पण फ्लॅट स्कीममध्ये वीस बिऱ्हाडं आणि स्लॅब एकच. त्यातही पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली. शिवाय आपल्या उन्हाची एक खोड आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता पॅनेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. नवतप्यात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशामागे वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणजे भर उन्हात दहा-पंधरा टक्के तोटा. वर धूळ, ती वेगळीच.

वाऱ्याचं विदर्भात फारसं बोलू नये; पवनचक्क्या सातारा-सांगली-धुळ्याकडच्या. जलविद्युत म्हणाल तर पेंचचं तोतलाडोह केंद्र १६० मेगावॉटचं, त्यातही दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशची. आणि धरणाच्या त्याच पाण्यावर नागपूरची तहान भागते.

खरी अडचण रात्रीची. मे महिन्यात रात्री अकरालाही घरोघरी कूलर आणि एसी चालूच असतात, आणि तेव्हा सौर पॅनेलची वीज शून्य असते. जून २०२५ अखेर देशाच्या वीज क्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेल्याची बातमी झळकली. ती खरीच होती. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतला जवळपास तीन चतुर्थांश वाटा कोळशाचाच होता. पुढाऱ्यांच्या भाषणात मेगावॉट येतात आणि आपण बिल युनिटचं भरतो, हा फरक लक्षात ठेवल्याशिवाय या विषयावर बोलूच नये असं माझं मत आहे.

यावरून सौर ऊर्जा फसवी ठरत नाही. कोराडीच्या राखेपायी परिसरातल्या गावांनी हाल भोगले आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून शेतांत आणि नदीत राख गेली होती. म्हणून दिवसाची जेवढी वीज उन्हातून घेता येईल तेवढी घ्यावीच. मात्र आजच्याएवढीच वीज, रात्रीसुद्धा, त्याच दरात उन्हातून मिळेल, हे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे साठवणुकीचा खर्च मागावा.

तो खर्च पुढच्या आठवड्यात मांडू. तोवर वाचकांनी महावितरणचं मे महिन्याचं बिल शोधून ठेवावं. त्यावरच्या युनिटच्या आकड्यापासूनच सुरुवात करायची आहे.