मदत करणाऱ्यांचा पाळक

निर्वासितांच्या छावणीत दवाखाना चालवणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकतो. त्याचं कोण ऐकतं? मदतकार्याच्या अंदाजपत्रकात धान्य, औषधं, गाड्या यांच्यासाठी रकाने असतात. खचलेल्या कार्यकर्त्यासाठी बहुधा नसतो. ख्रिस्ती संस्थांमध्ये ही उणीव भरून काढायला काही पाळक मुद्दाम परदेशी जातात. सकाळी पवित्र शास्त्राचा वर्ग, मग प्रश्न, मग ज्याला बोलायचंय त्याच्यासाठी सवड.

या परंपरेत लंडनच्या ऑल सोल्स चर्चचे जॉन स्टॉट (१९२१–२०११) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९५० पासून पंचवीस वर्षं ते तिथले प्रमुख पाळक होते. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत ते शिकवत फिरले. सोबत पक्षी पाहायची दुर्बीण कायम असायची.

रेने पादिया या लॅटिन अमेरिकी सहकाऱ्याने सांगितलेली एक आठवण आहे. अर्जेंटिनात बारिलोचेला दोघं रात्री उशिरा, भर पावसात पोचले. बुटांना चिखल माखलेला. सकाळी ब्रशच्या आवाजाने पादियांना जाग आली. पाहतात तर स्टॉट त्यांचे बूट साफ करत बसलेले. येशूने एकमेकांचे पाय धुवायला सांगितलं. पाय धुवायची आज गरज नाही, पण बूट तर पुसता येतात, असं स्टॉट म्हणाले.

याच पादियांकडून स्टॉट शिकलेही, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. १९६६ साली बर्लिनच्या सुवार्ताप्रसार परिषदेत स्टॉट ठामपणे सांगत होते की मंडळीला, म्हणजे चर्चला, मिळालेली आज्ञा सुवार्ता सांगण्याची आणि शिकवण्याचीच आहे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी अन्याय आणि गरिबीचा प्रश्न अशाच परिषदेपुढे ठणकावून मांडला. तिथल्या जाहीरनाम्याचा मसुदा स्टॉट यांच्याच देखरेखीखाली झाला, आणि त्यातलं पाचवं कलम सामाजिक जबाबदारीचं आहे. पुढच्याच वर्षी आपलं मत बदलल्याचं त्यांनी पुस्तकात उघडपणे लिहिलं.

विहीर खणणाऱ्या, कुष्ठरोग्याच्या जखमा बांधणाऱ्या कार्यकर्त्यासाठी हा बदल केवढा मोलाचा होता! आपलं काम देवाचं, की प्रवचनाआधी गर्दी जमवण्यापुरतं, ही टोचणी घेऊन जगणाऱ्याला कोरडी शाबासकी पुरत नाही. त्याला पायाखाली जमीन लागते. ती या शिकवणुकीने दिली. पुढे १९८३ ते १९९७ या काळात स्टॉट ‘टिअरफंड’ या ब्रिटिश मदतसंस्थेचे अध्यक्ष होते. ही संस्था गावोगावच्या स्थानिक मंडळ्यांना हाताशी धरून काम करते.

पाहुणा पाळक चार दिवसांत निघून जातो, ही या दौऱ्यांची खरी मर्यादा. स्टॉट यांना ती ठाऊक होती. म्हणून आपल्या पुस्तकांचं मानधन त्यांनी गरीब देशांतल्या पाळकांना पुस्तकं पुरवण्यासाठी देऊन टाकलं, होतकरू अभ्यासकांना शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. या कामाची धुरा २००१ मध्ये ख्रिस राइट यांच्याकडे गेली. राइट १९८३ ते १९८८ अशी पाच वर्षं आपल्या पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरीत जुना करार शिकवत होते. म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्याच्या नव्हे, तर घर-संसार मांडून इथे राहिलेल्या माणसाच्या हाती हे काम गेलं.