वेगळी चूल मांडलेलं यंत्र

पॅनेलच्या दोन्ही कडांना पत्र्याचे कान आणि कानांना लांबट भोकं दिसली, की समजावं, हे यंत्र टेबलासाठी जन्मलेलं नाही. त्याचं घर म्हणजे रॅक. पॅनेलची रुंदी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर. उंची मात्र 'यू'मध्ये मोजायची. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. टेलिफोन एक्सचेंजमधले रिले मांडायला शंभरेक वर्षांपूर्वी ठरलेलं हे माप आजच्या सर्व्हरपर्यंत तसंच चालत आलंय.

बीड जिल्ह्यात रॅक म्हटलं की मला परळीचं औष्णिक केंद्र आठवतं. 30 मेगावॅटचा पहिला संच तिथे 1971 मध्ये आला, आणि 1980 ते 1987 या काळात 210 मेगावॅटचे तीन. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद पडलं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. पाण्याची बातमी होते, कोळशाची होते. पॅनेलमध्ये एकावर एक बसून वर्षानुवर्षं व्होल्ट आणि अंश मोजणाऱ्या डब्यांची कुठल्याच केंद्रात होत नाही. संच म्हातारे होतात, एक्सचेंज बदलतात, पण त्यातलं एखादं मोजयंत्र अजून ठणठणीत असतं. ते भंगारातून, लिलावातून फिरत फिरत कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर येतं. खरं काम तिथून सुरू होतं.

कान काढले, रबरी पाय लावले, झालं, असं वाटतं. तसं नसतं. एकत्र कुटुंबात कोण काय सांभाळत होतं, ते वेगळी चूल मांडल्यावर कळतं, तसंच इथे. वजन पेलणं, हवा, वीज, अर्थिंग, इतकंच काय अंगावरचं झाकणसुद्धा रॅककडून येत होतं. पुष्कळ रॅकच्या यंत्रांना वरचा-खालचा पत्राच नसतो, कारण बाहेर मोठं कपाट असतं. टेबलावर तेच यंत्र म्हणजे उघडी वीज. सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, असेल तर आत कित्येक हजार व्होल्ट. अशा वेळी लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारागिराकडून बारीक भोकांचा पत्रा वाकवून घ्यावा, पण माप स्वतः कॅलिपरने काढून न्यावं. 'अंदाजे'वर पत्रा कापला, की आतल्या एखाद्या टर्मिनलला टेकलाच म्हणून समजा.

हवेचा हिशेब बीडमध्ये जास्त जपावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. खालून हवा ओढणारं यंत्र सपाट टेबलावर ठेवलं तर त्याचं नाकच दाबलं जातं. म्हणून पाय चांगले दोन-अडीच सेंटिमीटर उंच हवेत. अमेरिकी यंत्रात आणखी एक खोच असते. तिथली वीज 60 हर्ट्झची. थेट मेन्सवर चालणारा एसी पंखा आपल्या 50 हर्ट्झवर सहात एक हिश्शाने हळू फिरतो, आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो.

वीज देण्याआधी मागची पाटी वाचायची. 115 व्होल्टवर ठेवलेला सिलेक्टर तसाच राहिला तर 230 व्होल्टने क्षणात धूर निघतो. विमानातलं यंत्र असेल तर ते 400 हर्ट्झ मागतं; त्याच्या इवल्याशा ट्रान्सफॉर्मरला घरची वीज देऊच नये. एक्सचेंजमधलं असेल तर उणे 48 व्होल्ट डीसी. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, आणि अर्थ केलेलं टोक धन! तांब्याच्या तारा गंजून झिजू नयेत म्हणून केलेली ती सोय. नेहमीच्या सवयीने ऋण टोक चासीला जोडलं, तर पहिल्याच दिवशी फ्यूज जातो. नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. रॅकमध्ये जाड तांब्याची पट्टी असते, टेबलावर उरते ती प्लगची जाड पिन, आणि ती भिंतीमागे कुठे जाते ते कुणी बघत नाही. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग उत्तम. उन्हाळ्यात ती भेगाळली की रोध चढतो. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात जुने वायरमन उन्हाळाभर पाणी ओततात, ते उगीच नाही. मोजमापात 'हम' येतो म्हणून अर्थची पिनच काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या हुशारीला मी लांबूनच हात जोडतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डातून, शंभर वॅटचा बल्ब मध्ये घालून. बल्ब भक्कन पेटून मंदावला तर आशा आहे. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट. युरोपातल्या जुन्या यंत्रांत मेन्सच्या वाटेवर तडे गेलेले कागदी कपॅसिटर असतात, ते आधीच बदलावेत. नाहीतर खोलीभर जळका वास पसरतो.

हे सगळं कंपन्यांना ठाऊक होतं. टेक्ट्रॉनिक्सने 7603 हा सीआरओ टेबलासाठी काढला आणि तोच बुटका, रुंद करून आर 7603 नावाने रॅकसाठी. ह्यूलेट-पॅकार्डने खोकं एकच ठेवलं, कान आणि मुठी वेगळ्या किटमध्ये विकल्या. आपल्याकडे प्रभाकर देवधरांनी 1962 मध्ये उभी केलेली ठाण्याची ॲप्लाब कंपनी देशी प्रयोगशाळांसाठी टेबलावरचे पॉवर सप्लाय बनवत आली. मला ह्यूलेट-पॅकार्डची तऱ्हा जास्त पटते, कारण तिच्यात परतीची वाट मोकळी राहते.

म्हणून काढलेले कान फेकू नयेत. त्यांचे स्क्रू अमेरिकी 8-32 आट्यांचे असतील, तर हार्डवेअरच्या दुकानातला एम 4 स्क्रू दोन-तीन वेढे जातो आणि मग आटे खातो. कान, स्क्रू आणि बदललेल्या वायरिंगचा कागद एका पिशवीत घालून ती यंत्राच्या मुठीला बांधून ठेवायची.